एकाच भिंतीवर चित्र आणि वीण

कापडाच्या दुकानात साडी घ्यायला बसलेली बाई रंग पाहून खूश झाली तरी लगेच पैसे काढत नाही. आधी पदराचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळते. डोळ्यांना भरलेली साडी या दोन बोटांनी नापसंत केल्याचे किस्से घरोघरी सापडतील. त्या बोटांना जे कळतं त्याला मराठीत पोत म्हणतात. चित्राबद्दल लिहितानाही मराठी समीक्षक हाच शब्द वापरतो: रंगाचा पोत, रेषेचा पोत, पृष्ठभागाचा पोत. द. ग. गोडसे यांनी १९६३ साली आलेल्या आपल्या ग्रंथाला 'पोत' हेच नाव दिलं आणि कापडाच्या या शब्दाभोवती कलेचा सगळा विचार मांडला. चित्र आणि कापड शेजारीशेजारी लावायची कल्पना मराठी माणसाला परकी वाटायचं काही कारण नाही. त्याच्या भाषेत ती दोन्ही केव्हाची एकत्र नांदत आहेत.

दालनात मात्र हा शेजार दुर्मीळ. चित्रांचं प्रदर्शन आर्ट गॅलरीत भरतं, हातमागाचं एखाद्या सभागृहात, सणाच्या तोंडावर, सवलतीच्या फलकाखाली. एक पाहायला जायचं, दुसरीकडे घ्यायला जायचं. अमूर्त चित्रं आणि हाताने विणलेली वस्त्रकला यांचं संयुक्त प्रदर्शन ही सवय मोडतं. अशा प्रदर्शनाच्या दारात उभं राहिलेल्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

सुरुवात चित्राच्या पाठीपासून करावी. कुठलंही तैलचित्र उलटं केलं की लाकडी चौकट दिसते आणि तिच्यावर ताणून बसवलेलं सुती किंवा जवसाच्या धाग्याचं जाड कापड दिसतं. उभा धागा, आडवा धागा. एक वरून, एक खालून. सगळ्यांत साधी वीण. 'कॅनव्हास' हा शब्दच भांगेच्या रोपाच्या लॅटिन नावावरून आलेला आहे, कारण त्याच रोपाच्या धाग्यांपासून जहाजांच्या शिडांचं कापड विणलं जाई. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या चित्रकारांनी लाकडी फळी सोडून हे कापड मोठ्या प्रमाणावर जवळ केलं. तेव्हापासून चित्रकाराच्या प्रत्येक रंगाखाली कुणा विणकराचं काम आहे. फरक इतकाच की चित्रकार त्या कापडावर अस्तराचा हात फिरवतो, वीण बुजवतो आणि मग चित्र सुरू करतो. विणकराला असा तयार पृष्ठभाग मिळत नाही. त्याचा पृष्ठभाग आणि त्याच्यावरचा आकार एकाच वेळी, एकेका धाग्याने घडत जातात. रंग धाग्यातच असतो, वरून दिलेला नसतो.

हा फरक कामाच्या पद्धतीतही उतरतो. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचं उदाहरण घ्यावं. नागपुरात जन्मलेला, गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे. जे. स्कूलमधून १९४८ साली बाहेर पडलेला हा चित्रकार. स्वतःच्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द ते वापरत. उत्तरकाळात त्यांनी कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांवर अधिक भिस्त ठेवली. रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, पुन्हा द्यायचा. कागदाचे रंग लावलेले तुकडे कॅनव्हासवर ठेवून त्यांवर रोलर फिरवायचा आणि उमटलेलं राहू द्यायचं. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं पूर्ण होत. या पद्धतीत मागे येता येतं. पाच पावलं मागे सरून सगळं चित्र एका नजरेत घेता येतं, न पटलेला थर पुसता येतो, त्याच्यावर दुसरा चढवता येतो.

विणकराला मागे सरता येत नाही. माग चालू असताना विणलेला भाग पुढच्या लाकडी रुळावर गुंडाळला जातो आणि डोळ्यांसमोर राहतं ते फार तर हातभर कापड. आधी विणलेलं स्मरणात, पुढे विणायचं मनात. चूक झाली तर तिच्यावर काही चढवता येत नाही. धागा न् धागा उसवत त्या चुकीपर्यंत परत जावं लागतं, नाहीतर ती चूक रचनेत सामावून घ्यावी लागते. मोठं विणकाम मागावरून उतरवून आडवं पसरलं किंवा टांगलं जातं, तेव्हा कुठे विणणाऱ्याला आपलं काम पहिल्यांदा अखंड दिसतं. दालनात गायतोंडेंसारख्या चित्रकाराच्या कॅनव्हासशेजारी विणलेलं वस्त्र पाहताना हे मनात असावं. एका कामात पुसलेले निर्णय थरांखाली दडलेले आहेत. दुसऱ्यात प्रत्येक निर्णय जसा झाला तसाच, खालपासून वरपर्यंत, मोजता येईल असा उघडा आहे.

मोनिका कोरिया यांनी या बंधनाशी जे केलं, ते जवळून पाहण्याजोगं आहे. मुंबईच्या या विणकर-कलावतीचं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. १९६२ साली पती, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासोबत त्या अमेरिकेत असताना फिनलंडमध्ये जन्मलेल्या मारियान स्ट्रेंगेल यांच्याकडून त्यांना मागाची ओळख झाली. पुढचे धडे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात. मागावर फणीचं काम दुहेरी असतं: ताण्याचे उभे धागे सारख्या अंतरावर धरून ठेवायचे आणि प्रत्येक आडवा धागा ठोकून जागेवर बसवायचा. कापड सरळ येतं ते या फणीमुळे. कोरिया यांनी विणता विणता मध्येच फणी काढून घेण्याची सोय केली. फणी निघाली की ताण्याचे धागे शिस्त सोडतात. ते एकमेकांकडे झुकतात, लांब जातात, पाण्याच्या ओघळासारखे वळतात. मग फणी परत बसते आणि धागे पुन्हा रांगेत येतात. हे वळण कुंचल्याने काढलेलं नाही, कशिद्याने वर टाचलेलं नाही. कापडाच्या हाडांनीच वळण घेतलं आहे. त्यांचं १९७२ सालचं 'ओरिजिनल सिन' हे विणकाम आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. चौकटीची शिस्त आणि तिच्यातून सुटणारी रेषा हा अमूर्त चित्रकारांचा जुना प्रश्न. इथे तो एक अवजार काढण्या-घालण्यातून सोडवलेला आहे. असं काम चित्राची नक्कल मुळीच नव्हे. चित्रकाराला ते कॅनव्हासवर करताच येणार नाही.

वर ज्या विणकर सेवा केंद्राचा उल्लेख आला, त्याच्याशिवाय मुंबईतली ही गोष्ट पुरी होत नाही. स्वातंत्र्यानंतर हातमागासमोर गिरण्यांचं आणि यंत्रमागांचं आव्हान उभं होतं. विणकराकडे हात होता, पण शहरी गिऱ्हाइकाला काय हवं याची खबर त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने १९५६ च्या सुमारास ही केंद्रं सुरू झाली आणि मुंबईचं केंद्र पहिल्यांपैकी होतं. इथे विणकर, रंगारी आणि छपाईचे कारागीर होते आणि त्यांच्या जोडीला पगारी नोकरीवर घेतलेले तरुण चित्रकार होते. चित्र विकून पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. ही नोकरी अनेकांना आधार ठरली. के. जी. सुब्रह्मण्यन १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळावर डिझाइन विभागाचे उपसंचालक होते. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे विणकर सेवा केंद्रात होते. प्रभाकर बरवे १९६१ साली तिथे रुजू झाले आणि पुढची काही वर्षं त्यांनी वाराणसीच्या केंद्रात काढली. मनू पारेख, अर्पिता सिंग हीदेखील याच वाटेने गेलेली नावं.

या नोकरीने त्यांच्या चित्रांना काय दिलं, याचा हिशेब मराठीत अजून नीट मांडला गेलेला नाही. ढोबळ प्रभाव शोधू नये. बरव्यांच्या कॅनव्हासवर साडीची किनार सापडणार नाही. पण कागदावर काढलेला आकार मागावर चढवायचा तर त्याचं धाग्यांच्या संख्येत रूपांतर करावं लागतं, चौकोनी आलेखाच्या कागदावर एकेक घर मोजत. दिवसभर हे करणाऱ्या माणसाला मोकळ्या जागेचंही मोल कळतं, कारण मागावर मोकळी जागासुद्धा विणावी लागते. बरव्यांच्या चित्रांत वस्तूंमधली रिकामी जागा इतकी सावधपणे मोजलेली का असते, याचं एक उत्तर इथे असावं. वाराणसीतल्या मुक्कामात त्यांना तंत्रचित्रांची ओढ लागली, हे सगळे अभ्यासक सांगतात. त्याच शहरात ते नोकरीनिमित्त रोज कापडाच्या सान्निध्यात होते, हेही तितकंच सांगितलं पाहिजे. ते निव्वळ अमूर्त चित्रकार नव्हेत. पान, घड्याळ, फळ अशा वस्तू त्यांच्या चित्रांत येतात. तरी १९९० सालच्या 'कोरा कॅनव्हास' या त्यांच्या मराठी पुस्तकात अवकाश आणि आकार यांचा जो विचार आहे, तो अमूर्त चित्रं पाहायला निघालेल्याने आधी वाचावा असाच आहे.

अंबादास पूर्ण अमूर्तातले. १९६३ साली दिल्लीत भरलेल्या 'ग्रुप १८९०' या गटाच्या एकमेव प्रदर्शनात ते होते आणि १९७० च्या दशकात ते नॉर्वेला स्थायिक झाले. २०१२ साली ऑस्लोत त्यांचं निधन झालं. त्यांच्या कॅनव्हासवर रंगाचे लांब फटकारे एकमेकांच्या वरून-खालून जातात, गुंततात, सुटतात. कुठल्या फटकाऱ्याने कुणाला ओलांडलं हे पाहत गेलं की नजर सुताचा गुंता सोडवणाऱ्या बोटांसारखी चालते. अशा चित्राशेजारी फणी सुटलेल्या मागावरचं वस्त्र टांगलं तर दोघांना आणखी दुभाष्या लागू नये.

याच काळात नेली सेठना (१९३२–१९९२) या मुंबईच्या आणखी एका कलावतीने अमेरिकेत क्रॅनब्रुक अकादमीत स्ट्रेंगेल यांच्याकडेच विणकाम शिकून भिंतीवर टांगायची जाड, खरबरीत विणकामं केली आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासोबत मछलीपट्टणच्या कलमकारीला नवं बळ दिलं. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या शहरात, यंत्राचं कापड टनांनी बाहेर पडत असताना, हाताने विणलेल्या एकेका वस्त्राला कलाकृती म्हणून उभं करायला वेगळीच हिंमत लागत असणार.

युरोपातही हे सोपं नव्हतं. जर्मनीत १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या शाळेत मुलींना प्रवेश होता, पण बहुतेकींची रवानगी विणकाम विभागात होई. अ‍ॅनी अल्बर्स यांनाही माग पहिल्या पसंतीचा नव्हता. त्याच शाळेत पॉल क्ले विणकाम विभागातल्या विद्यार्थिनींना आकार-विचार शिकवत होते, गुंटा श्टोल्झ्ल १९२७ पासून विभाग सांभाळत होत्या. आणि नाइलाजाने मिळालेल्या मागावर या स्त्रियांनी विसाव्या शतकातल्या काही उत्तम अमूर्त रचना विणल्या. १९४९ साली अ‍ॅनी अल्बर्स यांचं एकल प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झालं. तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या वस्त्रकलावती. विणकामावरचं आपलं १९६५ सालचं पुस्तक त्यांनी पेरूच्या प्राचीन विणकरांना गुरू मानून अर्पण केलं. त्यांचे पती जोसेफ अल्बर्स यांच्याकडे येल विद्यापीठात चित्रकला शिकलेल्या शीला हिक्स धाग्याकडे वळल्या आणि १९६६ साली केरळात कोळिकोडच्या हातमागांवर काम करून गेल्या. अलीकडे लिन कुक यांनी रचलेलं 'वोव्हन हिस्टरीज' हे प्रदर्शन २०२३ साली लॉस एंजेलिसला सुरू झालं, वॉशिंग्टनमार्गे २०२५ साली न्यूयॉर्कला पोहोचलं. अमूर्त चित्रकलेचा इतिहास विणकाम वगळून सांगता येणार नाही, हाच त्याचा मुद्दा.

हा मुद्दा आपल्याकडे लावताना मात्र सावध राहायला हवं. पट्टणकोडोलीच्या बाजूचं एखादं घोंगडं घ्यावं. दख्खनी मेंढीची लोकर, धनगर बायकांनी हाताने कातलेली. सनगर विणकराने खड्ड्याच्या मागावर विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. लांबून ते काळं दिसतं. उजेडात जवळ धरलं की काळा रंग फुटतो: करडा, तपकिरी, जळक्या लाकडाचा, मध्येच एखादा पांढरा तंतू. रंग दिलेलाच नाही. वेगवेगळ्या मेंढ्यांच्या लोकरीचे हे नैसर्गिक छटाभेद आहेत. एखाद्या एकरंगी अमूर्त चित्रात नजर जशी हळूहळू खोल जाते तशी ती इथेही जाते. म्हणून घोंगडं हे अमूर्त चित्र ठरत नाही. ते पाऊस, थंडी आणि उघड्या रानासाठी विणलेलं आहे. देवाच्या कामात अंथरलं जातं. त्याला कला म्हणवून घ्यायची गरज नाही. दालनात आणून त्याला दर्जा दिला असं कुणी म्हणू नये. उलट ते शेजारी असल्याने चित्रकाराच्या काळ्या रंगाची परीक्षा होते.

पैठणीचंही तसंच. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन विणलेलं धूपछाव कापड हललं की रंग बदलतं. दोन रंग कालवले नाहीत, फक्त शेजारी ठेवले. मिश्रण पाहणाऱ्याच्या डोळ्यात झालं. रंगांच्या शेजारातून तिसरा रंग उभा करणं हे अमूर्त चित्रकार पुस्तकांतून शिकतात. येवल्याच्या मागावर ते पिढ्यानपिढ्या हाताने चालत आलं आहे. अस्सल पैठणीचा पदर उलटा करून पाहावा: वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असल्याने मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच असते, लोंबते धागे नसतात. चित्राला पाठ असते, या कापडाला दोन चेहरे असतात. दालनाने ते भिंतीला चिकटवून लावलं तर एक चेहरा वाया जातो. दोरीवर, छतावरून, मधल्या जागेत सोडावं. लोकांनी भोवती फिरावं.

मांडणीचा प्रश्न इथेच आला आहे तर आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. कापड प्रकाशाने विटतं. संग्रहालयं वस्त्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. तैलचित्राला २०० लक्सपर्यंत चालतो. दोन्ही शेजारी लावली आणि दिवे चित्राच्या मानाने ठेवले तर कापडाचं आयुष्य कमी होतं. कापडाच्या मानाने ठेवले तर चित्र उदास दिसतं. चांगली मांडणी करणारा माणूस खोल्यांतून उजेड हळूहळू उतरवत नेतो, डोळ्यांना सरावायला वेळ देतो. वाईट मांडणी ओळखायची सोपी खूण अशी की तिथे कापड चित्रामागचा पडदा होतं, किंवा सोफ्यावरच्या उशीसारखं रंग जुळवायला ठेवलेलं असतं. लाल चित्राशेजारी लाल वस्त्र लावणं हा सगळ्यांत आळशी शेजार. दोघांचा प्रश्न एक असावा, उत्तरं वेगळी असावीत. तेव्हा पाहणारा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपण होऊन परत येतो.

किमतीचा विषय टाळून चालणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या क्रिस्टीज्‌च्या लिलावात गायतोंडेंचं १९७९ सालचं एक चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना गेलं. ते चित्र त्या मोलाचं आहे की नाही हा वाद इथे नको. पण चित्रकाराचं नाव कॅनव्हासबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालतं, विणकराचं नाव कापड मागावरून उतरताच गळून पडतं, हे खरं आहे. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात सुमारे ३५ लाख लोक हातमागाच्या कामात आहेत आणि त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. त्यांतली किती नावं दालनाच्या फलकावर चढतात? पुष्कळदा फलकावर आराखडा करणाऱ्या डिझायनरचं नाव असतं आणि खाली 'हातमागावर विणलेले' एवढाच शेरा असतो, जणू माग आपोआप चालला. एकच व्यक्ती रचना करते आणि विणते, तिथे प्रश्न नाही. जिथे रचना एकाची आणि हात दुसऱ्याचे, तिथे दोन्ही नावं सारख्या अक्षरांत हवीत. ताणा कुणी लावला, सूत कुणी रंगवलं हेही लिहिता येतं. फलकावर जागा असते.

दालनं चालवणाऱ्यांना म्हणून दोन विनंत्या. पहिली, विणकराचं नाव लिहा. दुसरी, 'स्पर्श करू नये' ही पाटी राहू द्या, पण दारापाशी त्याच मागावर, त्याच सुताचा विणलेला वीतभर तुकडा टेबलावर ठेवा आणि त्याच्या शेजारी तितकाच रंगवलेला कॅनव्हासचा तुकडा. दोन्हींना हात लावायची मुभा द्या. दृष्टी नसलेल्या माणसालाही प्रदर्शन तिथून सुरू करता येईल. आणि पाहायला येणाऱ्यांनी घाई न करता आधी ते दोन तुकडे अंगठा आणि तर्जनीत धरून चोळावेत, मग आत जावं.